आधी फॉर्म, मग मैदान

जून-जुलै महिन्यात आपली मुले-मुली कॉलेजात नाव घालतात. फी, शिष्यवृत्तीचा फॉर्म, पुस्तके, एसटीचा पास यातच घरातल्या कर्त्या माणसाची दमछाक होते. त्यात एखादा मुलगा घरी येऊन सांगतो, कॉलेजच्या बास्केटबॉल टीमसाठी नाव दिले आहे. आई विचारते, "चेंडू खेळान पॉट भरतला काय रे?" मालवणकडच्या घराघरांत ऐकू येणारा हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर देण्यासाठी मुलाची टीम कोणत्या वाटेने कुठवर जाऊ शकते, हे पालकांना ठाऊक पाहिजे. ते फारसे कोणी समजावून सांगत नाही.

पहिला घोटाळा होतो तो ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेजचा. इमारत एक, मैदान एक, पुष्कळदा शिकवणारे सरही तेच. पण अकरावी-बारावीचा मुलगा खेळाच्या हिशेबात शाळकरी धरला जातो. तो १९ वर्षांखालील गटात, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धेत खेळतो. आपले ते कार्यालय ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत आहे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे आणि राज्य स्पर्धेतून महाराष्ट्राचा संघ निवडून राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. ज्या खेळाला संघ थोडे असतात, तिथे तालुक्याची पायरी गाळून थेट जिल्ह्यापासून सामने होतात.

आता गंमत पाहा. बारावीच्या परीक्षेसाठी आपले मंडळ कोकण विभागाचे. पण क्रीडा खात्याच्या ८ विभागांत सिंधुदुर्ग जिल्हा कोल्हापूर विभागात मोडतो. सोबत कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी. म्हणजे जिल्ह्यात पहिला आलेला संघ घाट चढून वर जाणार आणि तालमीच्या मुलखातल्या पोरांशी भिडणार. तोच मुलगा पुढच्या वर्षी एफवायला गेला की त्याची वाट एकदम फिरते. आता त्याचा संबंध मुंबई विद्यापीठाशी. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढा १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा आहे. मालवणचे स. का. पाटील महाविद्यालय असो, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज असो, कुडाळचे संत राऊळ महाराज असो की वेंगुर्ल्याचे खर्डेकर, सर्वांची वाट शेवटी मुंबईलाच जाते.

एवढ्या पसाऱ्यात सगळे संघ एका मैदानावर आणणे शक्य नसते. म्हणून महाविद्यालयांचे विभाग पाडून आधी विभागात सामने घेण्याची पद्धत आहे. विभागातले वरचे संघ मग मुंबईच्या संघांशी खेळायला जातात. कोकण विभागात बास्केटबॉलला कबड्डीएवढी गर्दी नसते. दोन सामने जिंकले तरी पुढची फेरी दिसू लागते. दुसरी बाजूही आहे. पुढच्या फेरीत गाठ पडते ती लहानपणापासून सिमेंटच्या कोर्टवर, ३.०५ मीटर उंचीच्या रिंगखाली रोज संध्याकाळी सराव केलेल्या शहरी मुलांशी. आपल्या पोराची उडी त्यांच्यापेक्षा कमी नसते. कमी असते ती रिंग.

सामन्यांची भाग्यपत्रिका कशी बनते, हेही समजून घ्यावे. आम्ही बी.कॉम. झालेली माणसे, आकडेमोडीत आम्हाला रस. समजा ११ संघ आले. बाद पद्धतीत प्रत्येक फेरीत निम्मे संघ उरायला हवेत, म्हणून २, ४, ८, १६ या आकड्यांचा आधार घेतात. ११ च्या वरचा आकडा १६. त्यातून ११ गेले, उरले ५. म्हणून ५ संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल मिळते. उरलेले ६ संघ ३ सामने खेळतात, त्यातले ३ विजेते आणि पुढे चाल मिळालेले ५ मिळून ८ होतात. ११ संघांतून एक विजेता काढायला एकूण सामने १०, कारण प्रत्येक सामन्यात एकच संघ घरी जातो. गेल्या वर्षीच्या वरच्या संघांना मानांकन देऊन वेगवेगळ्या टोकांना ठेवतात. नवख्या कॉलेजची चिठ्ठी पहिल्याच फेरीत विजेत्यासमोर निघाली की मुले म्हणतात, पार्शालिटी झाली. दरवेळी तसे नसते. मानांकन नसलेल्याला ते सोसावेच लागते.

साखळी पद्धत थोडी दयाळू. ४ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचे, सामने ६. बास्केटबॉलमध्ये जिंकणाऱ्याला २ गुण आणि हरणाऱ्यालाही १ गुण मिळतो. मात्र जो संघ मैदानात येतच नाही त्याला शून्य, आणि सामना २० विरुद्ध ० असा लिहिला जातो. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत ५ खेळाडू उभे राहिले नाहीत तरी हाच निकाल. पहाटेची एसटी चुकली, घाटात गाडी बंद पडली, की आपला संघ एकही चेंडू न टाकता २० गुणांनी हरलेला असतो. म्हणून लांबच्या सामन्याला आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे. त्याचा खर्च कोण देणार, हे टीमने निघण्यापूर्वी जिमखान्यात स्पष्ट विचारावे. प्रवासभत्ता आणि दैनिक भत्ता मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. प्रवेशाच्या वेळी फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम लावलेली असते, ती पावती काढून बघा.

आता कारकुनाच्या टेबलाकडे येऊ, कारण आपली मुले बहुतेक वेळा तिथेच हरतात. संघाची प्रवेशिका आणि प्रत्येक खेळाडूचा पात्रता फॉर्म ठरलेल्या तारखेच्या आत गेला पाहिजे. त्यावर प्राचार्यांची सही, शिक्का, फोटो. सोबत जन्मतारखेचा पुरावा, बारावीची मार्कशीट, चालू वर्षाचा प्रवेश. विद्यापीठाकडून खेळायचे तर विद्यार्थी नियमित, पूर्णवेळ शिकणारा पाहिजे. बारावी पास पाहिजे. पूर्णवेळ नोकरी करणारा चालत नाही. वयाची मर्यादा आहे, आणि एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येते. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक आणि मार्कशीटवर दुसरे होते, फरक फक्त एका वेलांटीचा. संघ निघायच्या आदल्या दिवशी ते कुणाच्या तरी लक्षात आले आणि पोरगा घरी राहिला. मुंबईची मुले अधिक हुशार असतात असे नाही, त्यांच्या घरी कोणीतरी ऑफिसात काम केलेले असते, एवढाच फरक.

इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कॉलेजचा संघ जिंकत जिंकत देशपातळीवर जातो, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. कॉलेजची वाट विद्यापीठाच्या स्पर्धेत संपते. पुढे खेळते ते विद्यापीठ. त्यासाठी निवड चाचणी होते आणि सगळ्या महाविद्यालयांतून १२ जणांचा एक संघ बांधला जातो. म्हणजे कॉलेजचा संघ लवकर हरला, तरी त्यातल्या चांगल्या मुलीला किंवा मुलाला निवड चाचणीचे दार उघडे असू शकते. फक्त चाचणीची तारीख कळली पाहिजे, आणि ती नोटीस बोर्डावर लागते. आपली मुले तास संपला की बस गाठायला पळतात. बोर्डासमोर उभी राहणारी थोडी.

विद्यापीठांच्या स्पर्धा भारतीय विश्वविद्यालय संघ ही संस्था घेते. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून ती सुरू झाली. देशाचे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे ४ विभाग. मुंबई विद्यापीठ पश्चिम विभागात. तिथे महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा येथील विद्यापीठे. बांद्यापलीकडे गोव्यात शिकायला गेलेली आपल्या जिल्ह्यातली मुले गोवा विद्यापीठाकडून खेळतात, म्हणजे शेजारच्या वाडीतली दोन पोरे एकमेकांसमोर उभी राहू शकतात. विभागात आधी बाद फेऱ्या होतात, शेवटी उरलेल्या ४ संघांची साखळी. हे ४ संघ अखिल भारतीय स्पर्धेला पात्र ठरतात. ४ विभागांचे मिळून १६. २०२० साली भुवनेश्वरला खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. अखिल भारतीय स्पर्धेत वर राहिलेल्या संघांना तिथे प्रवेश मिळतो. याशिवाय महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा अश्वमेध हा क्रीडा महोत्सव आहे, त्यातही बास्केटबॉल आहे.

हा खेळ ज्या देशात जन्मला तिथली रीत वेगळी. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्ड येथे जेम्स नाइस्मिथ या व्यायामशिक्षकाने थंडीत मुलांना घरात खेळता यावे म्हणून फळांच्या टोपल्या सज्जाला टांगून तो सुरू केला. तिथे कॉलेजचा संघ कॉलेजच्याच नावाने शेवटपर्यंत खेळतो. १९३९ च्या पहिल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत ८ संघ होते, २०११ मध्ये त्यांची संख्या ६८ झाली. आपापल्या गटाचे विजेते सरळ आत येतात, बाकीचे एक समिती वर्षभराची कामगिरी पाहून निवडते आणि दरवर्षी त्या यादीवरून भांडणे होतात. समिती आली की भांडण आलेच. आपल्या निवड चाचणीवरही रागावणारे असतात, पण आपल्याकडे गुणपत्रक मागायची सवय नाही. प्रत्येक सामन्याच्या गुणपत्रकात कोणी किती गुण केले हे लिहिलेले असते. त्याची नक्कल सरांकडे मागून ठेवावी.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्र शासनाने २००५ साली नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले. पण ते कोणत्याही प्रमाणपत्राला लागू नाही. पद जेवढे वरचे, तेवढी स्पर्धेची पातळी आणि क्रमांक वरचा लागतो, आणि क्रीडा खाते प्रमाणपत्राची पडताळणी करते. जिल्ह्यात पहिला आल्याचे प्रमाणपत्र भिंतीवर शोभते, नोकरीच्या फायलीत ते पुरेसे नसते. अकरावी-बारावीत वरच्या पातळीवर खेळलेल्यांना परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात. तो प्रस्तावसुद्धा शाळेमार्फत, मुदतीत जावा लागतो. मुलगा मार्चमध्ये अभ्यासात बुडालेला असतो, त्यामुळे हे काम पालकाने करावे.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे. मुलींच्या संघात अनेकदा १२ नावे भरत नाहीत, ७-८ वर गाडी चालते. त्यामुळे खेळू इच्छिणाऱ्या मुलीला संघात जागा मिळणे मुलापेक्षा सोपे असते. अडते ते मुक्कामावर. सोबत कोण बाई येणार, राहायचे कुठे, हे विचारण्याचा आईबापांना हक्क आहे. उत्तर समाधानकारक मिळाले की मग अडवू नये.

प्रवेश झाला की त्याच आठवड्यात एक फाईल करा. त्यात शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या नकला, आधार कार्ड, कॉलेजचे ओळखपत्र आणि सहा फोटो. सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख एकच आहे का ते ताडून पाहा. फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच द्या, कारण सामने लागल्यावर कुठलेही ऑफिस वेलांटी दोन दिवसांत बदलून देत नाही.