आधी कागद, मग भिंती

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण ज्यांनी केली त्यांना बिल्डरकडून तयार सदनिका विकत घ्यावी लागली नव्हती, हे उघड आहे. मी बँकेत गृहकर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. समोर बसलेली जोडपी देवघर कुठल्या कोपऱ्यात येणार, फ्रिज कुठे बसणार, हे इंचाइंचानं सांगत. ‘इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालंय का?’ असं विचारलं की नवरा बायकोकडे बघे आणि बायको फाइलकडे. मग ठरलेलं उत्तर येई, ‘बिल्डर म्हणालेत, महिन्याभरात येतंय.’

हे प्रमाणपत्र म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आहे आणि तिथे राहायला हरकत नाही, असं महापालिकेनं लेखी सांगणं. ते का मिळालं नाही, याचं उत्तर बहुधा इमारतीतच उभं असतं. एखादा मजला जास्त, नाहीतर गच्चीवर नकाशात नसलेली खोली. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत 1980च्या दशकात असेच मजले चढले. लोक तिथे वर्षानुवर्षं राहिले, मुलांची लग्नं झाली. फेब्रुवारी 2013मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मजले नियमित करायला नकार दिला.

‘पण मामा, आता रेरा आहे ना?’ असं माझा भाचा परवा म्हणाला. तो डोंबिवलीत घर बघतोय आणि माझी बहीण त्यासाठी स्वतःचा प्रॉव्हिडंट फंड मोडायला निघाली आहे. रेरा आहे आणि चांगला आहे. मे 2017पासून नव्या प्रकल्पाची नोंदणी, चटई क्षेत्रावर किंमत, करारनामा नोंदवल्याशिवाय दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला बंदी, हे सगळं त्यामुळे आलं. पण त्याच डोंबिवली परिसरात 65 इमारतींना महापालिकेची बनावट परवानगीपत्रं जोडून रेराचे क्रमांक मिळवलेले निघाले. नोव्हेंबर 2024मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायचा आदेश दिला. तेव्हा मी भाच्याला सांगितलं, बांधकाम परवानगीची प्रत घे, रजा टाक आणि महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी आहे का ते विचार. एका दिवसाची रजा आणि आईची आयुष्यभराची पुंजी! बहिणीला हा माझा खवचटपणा वाटला. वाटू दे.

जुनं घर घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. तिथे मी आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागतो. जमीन कोणाच्या नावावर आहे? सोसायटी तीस वर्षांची, पण जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर, असे प्रकार आपल्याकडे ढिगानं आहेत. अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालेलंच नसतं. एरवी त्यानं कोणाचं अडत नाही. लिफ्ट चालते, गणपती बसतो. पुनर्विकासाची गोष्ट निघाली की मात्र मालकाचे वारस कुठून कुठून उगवतात.

2008 साली कायद्यात दुरुस्ती झाली. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. त्यामुळे विकणाऱ्याला नुसतं ‘कन्व्हेयन्स झालंय का’ एवढंच विचारू नका. झालं नसेल तर अर्ज केलाय का आणि कधी, हे सेक्रेटरींना गाठून विचारा.

खर्चाचंही थोडं. मोठ्या शहरांत मुद्रांक शुल्क साधारण सहा-सात टक्के, म्हणजे साठ लाखांच्या घरावर चारेक लाख. बँक सहसा त्यासाठी कर्ज देत नाही. हे पैसे आधीच बाजूला ठेवावे लागतात. भाड्यासाठी म्हणून दुसरं घर घेणाऱ्यांनी आणखी एक गणित मांडावं. साठ लाखांच्या घराला महिना पंधरा हजार भाडं आलं तर वर्षाला तीन टक्के पडतात, आणि त्यातून मालमत्ता कर नि सोसायटीचं मेन्टेनन्स वजा करायचं असतं.