कचरा समीकरणातच दिसतो

पालघर जिल्ह्यात उमरोळीच्या पुढचं रेल्वे स्टेशन बोईसर. तिथल्या तारापूर एमआयडीसीत औषधांची आणि रंगांची कच्ची रसायनं बनतात आणि सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या समुद्राकडे जातं. या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. प्रक्रिया केंद्र नीट चालायलाच हवं. पण घाण झाल्यावर ती साफ करणं हे रसायनशास्त्राचं शेवटचं काम. पहिलं काम रिअ‍ॅक्टरमध्येच असतं.

पॅरासिटामॉल घ्या. ते पॅरा-अमिनोफेनॉलपासून बनतं, आणि हे अमिनोफेनॉल पॅरा-नायट्रोफेनॉलपासून बनवता येतं. रेणूतल्या नायट्रो गटाचे दोन ऑक्सिजन काढायचे, तिथे दोन हायड्रोजन बसवायचे, एवढाच बदल. जुनी रीत फ्रेंच रसायनज्ञ बेशां यांची, १८५४ सालची: लोखंडाचा चुरा, पाणी आणि थोडं आम्ल. लोखंड ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याचा काळा गाळ होतो. समीकरण मांडून वजनं काढा: एक किलो अमिनोफेनॉलमागे सुमारे १.६ किलो लोह-ऑक्साइड! मालापेक्षा कचरा जास्त, आणि हे कोरडं वजन झालं. प्रत्यक्षात गाळ ओला असतो, त्यात सेंद्रिय रसायनंही अडकलेली असतात. त्यातलं पाणी गाळून काढलं की पुन्हा सांडपाणी.

दुसऱ्या रीतीत लोखंडाऐवजी हायड्रोजन वायू वापरतात. पॅलेडियम किंवा निकेलच्या बारीक कणांवर हायड्रोजनचा रेणू फुटतो, सुटे अणू नायट्रो गटाशी जोडले जातात आणि ऑक्सिजन पाणी होऊन निघतो. किलोमागे सुमारे ३३० ग्रॅम पाणी, बस्स. हे कण, म्हणजे उत्प्रेरक, गाळून पुढच्या बॅचला पुन्हा वापरता येतात.

मग लोखंड अजून का टिकून आहे? चुरा स्वस्त मिळतो, साध्या भांड्यात काम होतं. हायड्रोजन ज्वालाग्राही, त्याला दाब सोसणारं भांडं, गळती ओळखणारी यंत्रणा आणि शिकलेली माणसं लागतात. तारापूरला स्फोटांचा अनुभव आहे, त्यामुळे ही भीती मी खोटी म्हणणार नाही. पण गाळ वाहून नेण्याचा आणि पुरण्याचा खर्च मालाच्या किमतीत धरला, तर लोखंड तितकं स्वस्त राहत नाही. रॉजर शेल्डन यांनी १९९२ मध्ये हाच हिशेब ‘ई-फॅक्टर’ म्हणून मांडला: एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषधनिर्मितीत तो पंचवीस ते शंभरच्या घरात असल्याचं त्यांनी दाखवलं.

हायड्रोजन आज बहुतांशी नैसर्गिक वायूपासून येतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा हिशेब उरतोच. सौर विजेवर पाण्याचं विघटन करून तो मिळवला, तर तोही भार बराच हलका होईल.