ड कीं ढ? सॉफ्टवेअरच्या दोषांची प्रतवारी
आमच्या जिल्ह्याचें नांव कोणी 'बुलडाणा' लिहितात, कोणी 'बुलढाणा'. (आमच्या घरांतही एकमत नाहीं!) वाचणाऱ्याचें अडत नाहीं, संगणकास मात्र हीं दोन निराळीं गांवें. म्हणून सॉफ्टवेअर लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं परीक्षकानें दोन्ही रूपें घालून अपेक्षित उत्तराशीं ताळा पाहावा.

दोष सांपडल्यास दोन प्रश्न वेगळे ठेवावे: हानि किती, आणि घाई किती? नोंदींत 'ड' व अर्जांत 'ढ' असल्यामुळें शेतकऱ्याचा पीकविमा अडला, तर दोन्ही मोठीं. पहिल्याच पानावर जिल्ह्याचें नांव चुकलें, तर हिशेब बिघडत नाहीं. पण दुरुस्ती आजच हवी. उलट, इ. स. २१०० हें लीप वर्ष नव्हे. तसें मानणारें सॉफ्टवेअर त्या सालीं २८ फेब्रुवारीनंतरची प्रत्येक तारीख चुकवील. दोष भारी खरा, परंतु तूर्त यादींत खालीं राहिला तरी चालेल.