समजून घ्या : लिहून न ठेवताही आजीच्या ओव्या पाठ कशा? असं आहे कवितेतलं नादाचं गणित

शाळेची पायरीही न चढलेल्या अनेक आज्यांना ढीगभर ओव्या तोंडपाठ असतात. आपल्याला मात्र परवा बदललेला पासवर्ड आठवत नाही. असं का? याचं उत्तर ओवीच्या बांधणीत आहे.

यमक आणि अनुप्रास म्हणजे काय?

चरणांच्या शेवटी सारखे उच्चार आले की यमक होतं. उदाहरणार्थ, ‘जातं’ आणि ‘गातं’. पहिला शब्द आठवला की दुसरा आपोआप ओठांवर येतो. एकच अक्षर जवळजवळ पुन्हा पुन्हा आलं की अनुप्रास. ‘पारावर पाखरांची पंगत’ म्हणून पाहा, ‘प’ लगेच कानात भरतो.

अक्षरं कशी मोजायची?

मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे. चार चरण, त्यांत ६, ६, ६ आणि ४ अशी एकूण २२ अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. या लेखासाठी रचलेला हा नमुना बोटांवर मोजून पाहा :

अडगळीपाशी । मुकं झालं जातं ।
आता कोण गातं । पहाटेला ॥

जोडाक्षर एकच धरायचं. ओवी याहून मोकळी असते. ‘ज्ञानेश्वरी’तल्या ओवीत पहिल्या तीन चरणांना यमक असतं, चौथा चरण आखूड असतो, अक्षरांची संख्या मात्र ठरलेली नसते. जात्यावरची ओवी आणखी सैल. तिची लय जात्याच्या फेऱ्यांबरोबर चालते.

लघु-गुरू आणि गण काय आहेत?

ऱ्हस्व अक्षर लघु, त्याची १ मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या २ मात्रा. तीन अक्षरांचा एक गण. तीन जागा आणि प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणून गण ८. ‘मराठी’ हा शब्द लघु-गुरू-गुरू, म्हणजे ‘य’ गण. तो सलग चार वेळा म्हणा. झाली की भुजंगप्रयात वृत्ताची ओळ! समर्थ रामदासांचे २०५ मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. एखादा शब्द चुकला तर चाल अडखळते आणि चूक लगेच कळते.

मग मुक्तछंदात काहीच नियम नसतात?

अक्षरांचा हिशोब नसतो, पण लय असते. ओळ कुठे तोडायची, कोणता शब्द पुन्हा आणायचा, कुठे थांबायचं, यातून ती तयार होते. मराठीत मुक्तछंद रुजवणाऱ्यांत कवी अनिल यांचं नाव आधी घेतलं जातं.

हे आताच का महत्त्वाचं?

गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले. त्याबरोबर पहाटे गाण्याचं निमित्तही गेलं. सासर, माहेर, भूक, भाऊ, विठ्ठल हे सगळं बायकांनी ज्या ओव्यांत सांगितलं, त्या बहुतेक कागदावर उतरल्याच नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावांमधून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकता येतात. तरीही तुमच्या घरातली ओवी त्यात असेलच असं नाही.

तुम्ही काय करू शकता?

- आजीची परवानगी घेऊन फोनमध्ये ओव्या रेकॉर्ड करा.
- ती कोणाकडून शिकली, कोणत्या गावात, कधी गायची हेही विचारा.
- नुसती सांगायला लावू नका, गायला सांगा. चाल लागली की पुढची ओळ आठवते.
- तिचे शब्द ‘शुद्ध’ करू नका. ‘पानी’चं ‘पाणी’ केलंत तर ‘रानी’शी जुळलेलं यमक तुटेल.

पुढच्या वेळी गावी गेलात की पहिली ओळ तुम्ही म्हणा. दुसरी कदाचित तीच पूर्ण करेल.