सुधारणेचा सल्लागार

आपल्या सभासदांचीं कित्येक मुलें शेतकी पदवी घेऊन नव्या सुधारणा सुचविणाऱ्या सल्लागाराचा धंदा पत्करूं इच्छितात. हा मार्ग आम्हांस स्तुत्य वाटतो. परंतु सल्ला चुकला तर सल्लागाराची फी बुडत नाहीं, शेतकऱ्याचा हंगाम बुडतो, हें त्यांनीं विसरूं नये.

या कामाचा कित्ता पुणें शेतकी कॉलेजचे एके काळचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं घालून दिला आहे. ते मूळचे रसायनशास्त्रज्ञ. तरी केवळ मातीची परीक्षा करून न थांबतां त्यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर हें गांव घरोघर तपासलें. जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, हें सारें १९१७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें श्री. कानिटकर यांजसह जातेगांव बुद्रुक या गांवाची पाहणी १९२१ सालीं दिली.

यांतील बोध उघड आहे. तुकड्यातुकड्यांच्या जमिनीस मोठें यंत्र सुचविणें, किंवा कर्जांत बुडालेल्यास महाग बियाणें घ्यावयास लावणें, ही सुधारणा नव्हे. तरुणांनीं आधीं गांव पाहावें, नवी रीत शेताच्या एका कोपऱ्यांत हंगामभर करून दाखवावी, आणि नफ्याबरोबर तोट्याचाही हिशेब द्यावा. असा सल्लागार बांधावर आल्यास त्याची फी आम्ही आनंदानें देऊं.