जमीन थरथरते, मोबाइल लिहितो

अशी कल्पना करा. रात्रीची वेळ आहे. सारा पाडा झोपला आहे. अचानक जमिनीखालून गुरगुरल्यासारखा आवाज येतो, मांडणीवरची भांडी खणखणतात आणि कौले खडखडतात. काही क्षणांत सारे शांत होते. पण झोप मात्र उडालेली असते!

पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या मुलांना ही कल्पना करावी लागत नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या परिसरात असे धक्के बसू लागले. बहुतेक धक्के लहान होते, पण फेब्रुवारी 2019 मध्ये 4 च्या वर महत्तेचाही धक्का बसला. त्या वेळी घाबरून पळताना पडून एक लहान मुलगी दगावली. भिंतींना तडे गेले. लोक थंडीत तंबूत झोपले आणि शाळांचे वर्गही काही काळ उघड्यावर भरले. एकच मोठा धक्का न बसता लहान लहान धक्क्यांची अशी रांग लागते, तिला भूकंपमालिका म्हणतात. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत खोल मुरते, तेथील घर्षण कमी होते आणि ताणलेले खडक सरकतात, असा एक विचार शास्त्रज्ञांनी या मालिकेबद्दल मांडला आहे.

आता तुम्ही म्हणाल, भूकंपाचा आणि वर्गातल्या शिक्षणाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो गुरुजींच्या खिशात आहे!

खिशातला भूकंपमापक

एसटीने अचानक ब्रेक लावला, की आपण पुढे झुकतो. हेच ते जडत्व. भूकंपमापक याच तत्त्वावर चालतो. जमीन हलते, पण स्प्रिंगला टांगलेले वजन मागे राहते. दोघांमधला फरक नोंदला, की कंपनाचा आलेख मिळतो.

मोबाइल आडवा केला, की त्यावरचे चित्रही आडवे होते. त्याला हे कसे कळते? त्याच्या पोटात एक त्वरणमापक असतो. त्यात सिलिकनचा एक इवलासा तुकडा अतिशय बारीक स्प्रिंगांवर तोललेला असतो. मोबाइल हलला, की हा तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्यामुळे विद्युत धारिता बदलते आणि त्यावरून त्वरण कळते. म्हणजे मोठ्या यंत्राचा हा धाकटा भाऊच!

करून पाहा

जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे ॲप विनामूल्य मिळते. एकदा उतरवून घेतले, की इंटरनेट नसतानाही ते चालते. साऱ्या वर्गाला मिळून एक मोबाइल पुरे.

1. मोबाइल फरशीवर सपाट ठेवा आणि चिकटपट्टीने पक्का करा. आता त्वरण पाहा. उभ्या दिशेचा आकडा 9.8 च्या आसपास येईल. ओळखीचा वाटतो ना? हे गुरुत्व त्वरण.

2. एका मुलाने 1 मीटरवर, मग 2 मीटरवर आणि मग 4 मीटरवर सारख्याच जोराने पाय आपटावा. आलेखातले उंच टोक प्रत्येक वेळी वहीत लिहा. अंतर वाढले, की काय होते?

3. मोबाइल आता उंच, डुगडुगत्या टेबलावर ठेवा आणि टेबलाला हलकासा धक्का द्या. हा आलेख फरशीवरच्या आलेखाशी ताडून पाहा. जड वस्तू उंच फळीवर का ठेवू नयेत, हे कोणी न सांगताही उमगेल.

सेकंदावरून किलोमीटर

आधी वीज चमकते, मग गडगडाट ऐकू येतो. मधले सेकंद मोजले, तर वीज किती दूर पडली ते सांगता येते. भूकंपाचेही तसेच आहे. त्याच्या प्राथमिक लहरी खडकातून सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने धावतात, तर दुय्यम लहरी सुमारे 3.5 किलोमीटर वेगाने. दोन्ही पोहोचण्यात जितके सेकंद अंतर पडेल, त्याला साधारण 8 ने गुणा. समजा, अंतर 2 सेकंदांचे आहे. मग भूकंपाचे मूळ सुमारे 16 किलोमीटरवर! पण कोणत्या दिशेला? एका ठिकाणच्या नोंदीवरून ते कळत नाही. तीन ठिकाणांहून नकाशावर तीन वर्तुळे काढली, की जागा सापडते. भूमितीची कंपासपेटी अशीही उपयोगी पडते!

मात्र मोबाइलच्या मर्यादाही ध्यानात ठेवा. अगदी बारीक धक्के त्याला टिपता येत नाहीत. त्यासाठी शास्त्रज्ञांची नाजूक यंत्रेच हवीत. महत्ता 2 आणि महत्ता 4 यांत कंपनाच्या उंचीचा फरक शंभर पट असतो, तर ऊर्जेचा सुमारे हजार पट. आणि पुढचा भूकंप केव्हा होईल, हे मोबाइल काय, जगातले कोणतेच यंत्र सांगू शकत नाही. कोणी तारीख-वार सांगू लागला, तर ती अफवा समजा.

कोसबाडचा धडा

याच डहाणू तालुक्यात कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेले बालशिक्षणाचे काम पुढे या टेकडीवर आले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच पाड्यातल्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावरही गेली. महागडी साधने नव्हती, म्हणून बिया, पाने आणि खडेच साधने झाली. साधन कोणते, यापेक्षा मूल त्यातून स्वतः काय शोधते, याला तेथे मोल होते.

मोबाइललाही हीच कसोटी लावा. त्यावरचा धडा नुसता पाहून हात बांधून बसलात, तर फळा बदलला, शिकणे नाही. पण त्याने पायाखालची जमीन मोजलीत, तर ते खरे शिक्षण.

शिक्षकांनी या प्रयोगाला कवायतीची जोड द्यावी. धक्का बसताच धावू नका. बाकाखाली बसा, डोके झाका आणि बाक घट्ट धरा. हलणे थांबले, की रांगेने मोकळ्या मैदानात या. नंतर घरी जाऊन धाकट्या भावंडांना हेच शिकवा. जमिनीचे थरथरणे आपल्याला थांबवता येत नाही. घाबरून पळणे मात्र थांबवता येते.