इंग्लिश ग्रामगृहाची रचना व तिचे शब्दसाक्ष्य

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातील ॲल्फ्रिस्टन या खेड्यात ‘क्लर्जी हाउस’ नावाचे लाकडी सांगाड्याचे व गवताने शाकारलेले एक घर आहे. त्याची बांधणी इ. स. १४०० च्या सुमाराची आहे. १८९६ मध्ये ‘नॅशनल ट्रस्ट’ने ते अवघ्या १० पौंडांना विकत घेतले, या संस्थेने जतनार्थ मिळविलेली ही पहिली वास्तू होय. ते ‘वील्डन’ नावाच्या गृहप्रकाराचा एक नमुना आहे. हा प्रकार समजून घेतल्यास काही इंग्लिश गृहवाचक शब्दांचा इतिहास उलगडतो. केवळ कोशावर विसंबल्यास मात्र त्याचा अर्धाच भाग हाती लागतो.

वील्डन घराचे तीन भाग असतात. मध्यभागी जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळे असलेले दालन, तोच ‘हॉल’. त्याच्या दोन्ही बाजूंस दुमजली खण असून त्यांचे वरचे मजले दर्शनी बाजूस पुढे आलेले असतात. तिन्ही भागांवर छप्पर मात्र एकच. त्यामुळे मधला हॉल मागे सरल्यासारखा दिसतो. भिंतींची भरणी आपल्याकडील कुडासारखी, म्हणजे कामट्यांच्या विणीवर माती लिंपून केलेली असे.

हॉलमध्ये धुराडे नव्हते. जमिनीवरील उघड्या चुलाणाचा धूर वर छपरात जाई; अशा घरांचे काजळलेले वासे आजही त्याची साक्ष देतात. हॉलच्या एका टोकाला धन्याची खोली, तर दुसऱ्या टोकाला ‘बटरी’ व ‘पॅन्ट्री’ ही कोठारे असत. यांतील ‘बटरी’चा लोण्याशी व्युत्पत्तिदृष्ट्या संबंध नाही. पिंप या अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन शब्दापासून तो फ्रेंचमार्गे आला असून तेथे पेयांची पिंपे ठेवीत. ‘पॅन्ट्री’च्या मुळाशी पाव या अर्थाचा लॅटिन शब्द आहे.

‘विंडो’ हा शब्द तर मूळच्या नॉर्स भाषेत ‘वाऱ्याचा डोळा’ असा आहे. या घरांच्या खिडक्यांना बहुधा काच नसे, केवळ उभे गज व झडपा असत, हे ध्यानी घेतले म्हणजे ते नाव किती यथार्थ होते हे पटते. आपल्या ‘गवाक्ष’ शब्दातही डोळाच आहे. परंतु हे साम्य कल्पनेचे आहे, वंशाचे नव्हे.

सोळाव्या शतकात विटांची धुराडी रूढ होऊ लागली. धुराला मोकळ्या छपराची गरज उरली नाही. अनेक हॉलांत मधला मजला घातला गेला आणि घरातील वावर निरनिराळ्या खोल्यांत विभागला. सामान्य इंग्लिश घरात ‘हॉल’ या नावाने पुढे दारामागची येण्याजाण्याची जागा तेवढी ओळखली जाऊ लागली. हा अर्थसंकोच ध्वनिनियमांनी स्पष्ट होत नाही, धुराड्याने होतो. मराठीने मात्र हा शब्द बैठकीची मोठी खोली व सभागृह या अर्थांनी स्वीकारला. त्यामुळे आपल्या सदनिकेतील ‘हॉल’ हा इंग्लिश घरातील आजच्या ‘हॉल’पेक्षा ॲल्फ्रिस्टनच्या दालनाला अर्थाने अधिक जवळचा आहे. शब्दार्थाच्या अभ्यासकाने वास्तूचा आराखडाही पुरावा म्हणून वाचला पाहिजे, तो याचसाठी.